संध्याकाळच्या जादा नोंदी

आमच्या वारज्यात माळ्यावरचे ढोल खाली आले, की मला माझ्या कानांचा संशय येऊ लागतो. परवाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मुली ढोलावर गुडघा रोवून दोऱ्या ओढत बसल्या होत्या. एक ओढायची, दुसरी ढोलाच्या पानावर टिचकी मारून ऐकायची आणि नाराजीने मान हलवायची. हवा दमट, पान सैल. पुन्हा दोरी. घरात टॉवेल वाळत नाहीत, कपाटातल्या कातडी पट्ट्यावर हिरवट बुरशी धरते, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात आणि संध्याकाळ झाली की नदीकडच्या मोकळ्या प्लॉटवर पथकाचा सराव सुरू होतो. गणपतीच्या आधीचे हे आठवडे जन्मापासून ओळखीचे. पण आता ते आले की मला दोन वर्षांपूर्वीचं एक यंत्र आठवतं, काडेपेटीहून जरा मोठं, आणि त्याच्याभोवती आम्ही शहाण्या माणसांनी एकमेकांवर घेतलेले संशय आठवतात.

संशयाची मला सवय आहे. मार्केट यार्डातून कांद्याची गोणी आणली की मी ती घरी पुन्हा तोलतो. बहुतेक वेळा वजन बरोबर भरतं. मग मला घरच्या काट्याचा संशय येतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "लग्नाच्या वेळी माझी पत्रिका किती जणांकडून तपासून घेतली होती, ते अजून सांगितलं नाहीत." मी सांगणारही नाही. सुदैवाने या स्वभावाला पगार मिळतो. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी कंपनी आहे. तिथे दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं खोटं बोलतात का, हे बघणं आणि बोलत नसल्यास अहवालावर सही करणं, हे माझं काम.

त्या यंत्राला आम्ही डबी म्हणायचो. डबी शेख मॅडमची. शेख मॅडम आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स बघतात. गंज पेठेत वाढलेल्या, घराणं कितीतरी पिढ्या तिथलंच. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि जीभ माझ्यापेक्षा कोरडी. चार वर्षं त्या एकाच गोष्टीच्या मागे होत्या: अवकाशात किरणोत्सर्गाचा डोस मोजणारा, खिशात मावेल एवढा डिटेक्टर. आपल्या डोक्यावर हवेचं जाड पांघरूण आहे, म्हणून वरून येणारे कण आपल्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. वर ते पांघरूण नाही. तिथे राहणाऱ्या माणसाच्या अंगात किती किरण मुरले, त्याचं माप ठेवावं लागतं. मोठी यंत्रं हे काम चोख करतात, पण वर न्यायच्या वस्तूचा ग्रॅम न् ग्रॅम महाग असतो. म्हणून सगळ्यांना ते यंत्र लहान हवं, हलकं हवं, बॅटरी न खाणारं हवं.

डबीच्या आत नखाएवढी सिलिकॉनची चकती होती. कण तिच्यातून आरपार गेला की विजेचा बारीकसा धक्का उठायचा आणि त्याची एक नोंद व्हायची. चकतीला उजेड चालत नाही, म्हणून तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा ताणून बसवला होता. एका लहान उपग्रहावर आम्हाला जागा मिळण्याची शक्यता होती. जागा एक, मागणारे दोन. आमचे मालक पानसे रोज सकाळी शेख मॅडमच्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहायचे. बोलायचे नाहीत. ते जास्त वाईट होतं.

जमिनीवरही थोडे किरण असतातच. दगडमातीतून, भिंतींतून, वरून गाळून आलेले. डबी टेबलावर नुसती ठेवली तर दिवसभर मिनिटाला चार-पाच नोंदी यायच्या. ते योग्यच होतं. पण संध्याकाळी साडेसहा-सातला आकडा वर चढायचा. वीस. कधी चाळीस. नऊच्या आत पुन्हा खाली. तक्त्यातल्या आलेखावर रोज तीच टेकडी उमटायची. किरणांना घड्याळ कळत नाही. ठरल्या वेळी येणाऱ्या गोष्टीमागे माणूस असतो, असं माझं मत आहे.

पहिला संशय विजेवर. संध्याकाळी व्होल्टेज खेळतं. डबी बॅटरीवर घेतली, टेकडी तशीच. मग बंद खोलीत जमिनीतून झिरपून साचणाऱ्या वायूचा संशय. खिडक्या उघड्या टाकल्या, डास आले, टेकडी गेली नाही. उलट थोडी वाढलीच. त्या वाढीकडे मी तेव्हा नीट बघायला हवं होतं, पण डास मारण्यात लक्ष होतं.

मग आम्ही माणसांकडे वळलो. थायरॉइडच्या एका उपचारात रोग्याला किरणोत्सर्गी औषध देतात आणि पुढे काही काळ त्याच्या अंगातून किरण बाहेर पडत राहतात. हे मला माहीत होतं. आमचे संध्याकाळच्या पाळीचे रखवालदार गायकवाड सहाला यायचे. वेळ जुळत होती. मी त्यांना शक्य तेवढ्या सभ्यपणे विचारलं, हल्ली काही औषधोपचार झाले का.

"मला काय बी झालेलं न्हाई," गायकवाड म्हणाले. "मी आलो की तुमची डबी फुगती, असंच ना? मग मला घरी बसवा की साहेब. पगार देऊन."

त्यानंतर ते खुर्ची उचलून पार फाटकापाशी जाऊन बसले. टेकडी जागची हलली नाही. गायकवाड मात्र लांबून आमच्याकडे, आपण ज्या नजरेने भुरट्या चोराकडे बघतो, त्या नजरेने बघू लागले. त्यांचंही बरोबर होतं.

शेवटी उरलो आम्ही दोघं. डबीतला हिशेब करणारा प्रोग्रॅम शेख मॅडम कुणाला उघडून दाखवत नव्हत्या. "अर्धवट कामात नाक खुपसलेलं मला चालत नाही," एवढंच. मला वाटू लागलं, आत कुठेतरी गुणाकार चुकलाय आणि बाईंना ते माहीत आहे. त्यांना काय वाटत होतं, ते एका दुपारी डबा खाताना कळलं. आमच्याकडे तपासणीसाठी किरणांचा एक छोटासा स्रोत असतो, शिशाच्या भांड्यात, कुलूपबंद कपाटात.

"अहो भागवत, त्या कपाटाची किल्ली संध्याकाळी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आणि मी साडेसहाला निघते."

"हो."

"मग मी काय समजायचं?" त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "नाही, विचारते आपलं. दुसरी कंपनी चहा चांगला देत असेल."

मला राग आला नाही. उलट, प्रश्न योग्य होता असंच वाटलं. मी त्यांच्या जागी असतो तर तो आठवडाभर आधी विचारला असता. दुसऱ्या दिवशी मी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून पर्समध्ये टाकली, आभार मानले नाहीत. संध्याकाळी टेकडी आली. सकाळी त्यांनी तक्ता बघितला, किल्ली परत दिली आणि प्रोग्रॅम माझ्यापुढे उघडून ठेवला. गुणाकार बरोबर होता.

या काळाची गंमत अशी की आम्ही एकमेकांवर पूर्ण अविश्वास ठेवून रोज एकत्र डबा खात होतो. खिमा आणि भरली वांगी यांची देवघेव चालू होती. संशयाने माणसं तुटतात असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. तोंडावर विचारलेला संशय उत्तर मिळेपर्यंतच टिकतो. न विचारलेला मात्र खोकल्यासारखा छातीत बसून राहतो.

पानसे एका सकाळी अखेर बोलले. "संध्याकाळचे आकडे वगळा. दिवसाचे पाठवा. ते खोटे थोडेच आहेत?"

"खोटे नाहीत," मी म्हटलं. "पण अर्धे आहेत."

"भागवत, तुम्हाला जागा मिळायला नकोय का?"

शेख मॅडम माझ्याकडे बघत होत्या. चार वर्षं त्यांची होती, माझी नव्हती. ती जागा गेली तर पानसे हे काम गुंडाळून टाकणार, हे तिघांनाही माहीत होतं. त्या म्हणाल्या, "सर, दोन दिवस द्या. डबी इथून हलवून बघू."

म्हणून रविवारी डबी आमच्या घरी आली. वारजे हडपसरपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. इथे ना गायकवाड, ना ते कपाट, ना ती वायरिंग. शेख मॅडम दुपारीच आल्या. सुनंदाने त्यांना मोकळेपणाने विचारलं, "घरात ठेवायला धोका नाही ना? काही बाहेर पडत नाही ना त्यातून?"

"नाही हो. ती नुसती मोजते. देत कुणाला काही नाही."

"आमच्याकडे एक आहेत तसे," सुनंदा म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दुपारभर चार, पाच, चार, सहा. जेवणाच्या टेबलावर डबी, तिच्या शेजारी लॅपटॉप, पलीकडे आम्ही दोघं. बाहेर ढगाळ, पंख्याखाली दमट हवा, कुणाच्या तरी घरी अळूची वडी तळल्याचा वास. आणि सातच्या सुमाराला, आमच्या डोळ्यांदेखत, अकरा. अठरा. तेवीस.

शेख मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. मला त्यांचा चेहरा आठवतो. टेकडी त्यांच्या मागोमाग पुणं ओलांडून आली होती. म्हणजे दोष खोलीत नव्हता, माणसात नव्हता. दोष डबीत होता.

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग त्या म्हणाल्या, "बारीक धक्के आपण मोजतच नाही. फार लहान असतील ते सोडून देतो. ती मर्यादा खाली आणून बघू, आणखी काय काय येतंय." त्यांनी तसं केलं. पडद्यावर आकड्यांचा पूर लोटला. मी सवयीने दोन नोंदींमधल्या वेळांचा रकाना काढला. किरणांच्या नोंदींमध्ये क्रम नसतो. कधी दोन लागोपाठ, कधी कितीतरी वेळ काहीच नाही. त्या बेशिस्तीवरूनच ते खरे आहेत, हे ओळखायचं. या रकान्यात शिस्त होती. तेच अंतर, तेच अंतर, मग त्याच्या निम्मं, निम्मं, पुन्हा तेच.

"हे वाचू नका," शेख मॅडम म्हणाल्या, "हे वाजवून बघायला हवं." त्यांचा भाचा ताशा वाजवतो, घरी जेवणाच्या ताटावरसुद्धा, हे त्या मागे कधीतरी बोलल्या होत्या. त्यांनी टेबलावरचा चमचा उचलला आणि रकान्यावर एक बोट खाली सरकवत, दुसऱ्या हाताने टेबलाच्या कडेवर तो आपटू लागल्या. आधी अडखळत. मग जरा सलग.

सुनंदा स्वयंपाकघरातून डोकावली. "मॅडम, तुम्हीपण त्यांच्याच पथकात का?"

"कुणाच्या?"

"अहो, त्या बाहेरच्या. मगासपासून तेच तर चाललंय. कान किटले माझे."

चमचा थांबला. आणि तेव्हा, त्या संध्याकाळी पहिल्यांदा, आम्हाला दोघांनाही ढोल ऐकू आले. नदीकडच्या प्लॉटवर पन्नासएक ढोल वाजत होते. खिडकीचं तावदान थरथरत होतं. टेबलावरच्या पाण्याच्या भांड्यात बारीक वर्तुळं उठत होती. आणि आम्ही दोन शिकलेली माणसं, पुण्यात जन्मलो आणि पुण्यातच केस पिकले म्हणून, तो आवाज ऐकायचं कधीच विसरून गेलो होतो. हडपसरलाही कालव्याकडच्या मैदानावर दुसरं पथक रोज त्याच वेळी सराव करत होतं. बाहेरगावचा कुणीही आला असता तर पहिल्याच संध्याकाळी वैतागून म्हणाला असता, काय हो हा गोंगाट. आमच्यात बाहेरगावचा कुणी नव्हता.

ॲल्युमिनियमचा तो पापुद्रा ढोलाच्या पानासारखाच ताणलेला होता. आवाजाने तो थरथरायचा, चकतीच्या जवळ-लांब व्हायचा आणि त्यातून उठणारा धक्का डबीला किरणाचा वाटायचा. खात्री करायला, हादरा मुरावा म्हणून, आम्ही डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या पिंपात खोल पुरली. सुनंदा कमरेवर हात ठेवून उभी. पाच. चार. पाच. बाहेर काढली, एकोणतीस.

सोमवारी पानसे जोरात हसले. इतक्या आठवड्यांनी मोकळं हसले. "म्हणजे काही झालेलंच नाही. वर ढोल कोण वाजवणार आहे? हवाच नाही तर आवाज कसला? करा सही."

ते चूक बोलत नव्हते. मला सही करायचीच असती तर तेवढं कारण पुरेसं होतं. पण मोठ्याने हसून मिटवलेल्या प्रश्नाबद्दल माझ्या मनात नेहमी किंतु राहतो. मी विचारलं, "उपग्रहाला वळवायला आत छोटी चाकं फिरत असतात ना? ती हवेतून नाही, सांगाड्यातूनच हादरा देतील."

पानशांचं हसू ओसरलं. शेख मॅडम उठल्या, अडगळीतून जुन्या कॉम्प्युटरचा एक पंखा घेऊन आल्या, डबी त्याच्यावर ठेवली आणि पंखा सुरू केला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर सदतीस आले. त्यांनी पंखा बंद केला. चार. पुन्हा सुरू केला. डबी आपल्या हाताने त्या स्वतःच्याच विरुद्ध उभी करत होत्या.

अहवाल मी सगळे आकडे घालून पाठवला, आणि पुढच्या आठवड्यात जागा देणाऱ्या मंडळींसमोर कॉलवर बोलावणं आलं. एकाने विचारलंच, अहवालात दिवसाबरोबर संध्याकाळचेही आकडे आहेत, ते असे का? पानसे घसा खाकरेपर्यंत शेख मॅडम म्हणाल्या, "आमची डबी हादऱ्याला डोस समजते."

जागा दुसऱ्यांना गेली. पानसे एवढंच म्हणाले, "खरं बोलायची इतकी घाई होती?"

"वर गेल्यावर झाकण उघडता येत नाही, सर."

त्या वर्षीच्या विसर्जनाला मी लक्ष्मी रोडला गेलो नाही. घरी खिडकीत बसून लांबचा आवाज ऐकत राहिलो, मुद्दाम, मन लावून, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा निरखून बघावं तसं. किरणांना वास नाही, चटका नाही, आवाज नाही. वर बसलेल्या माणसाला त्यातलं काहीच जाणवणार नाही. त्याच्याजवळ फक्त एक आकडा असेल आणि त्या आकड्यावरून तो आडोशाला जायचं की काम करत राहायचं, ते ठरवेल. खोटा मोठा आकडा त्याला विनाकारण घाबरवेल. खोटा लहान आकडा त्याला काहीच कळू देणार नाही. त्या माणसाला मी कधी भेटणार नाही. पण त्याच्या वतीने कुणीतरी आधीच संशय घेऊन ठेवलेला बरा.

पानशांनी काम गुंडाळलं नाही. का, ते कळलं नाही. मला तर वाटतं, पंख्यावर ठेवलेली डबी त्यांच्याही डोळ्यांपुढून जात नसावी. शेख मॅडमनी पापुद्रा काढून टाकला, काळा मुलामा थेट चकतीवर चढवला, शेजारी हादरा ओळखणारा एक बारीक सेन्सर बसवला. हादरा जाणवला की त्या क्षणाची नोंद बाजूला काढली जाते. मी विचारलं, "बाजूला काढलेल्यांत खरे किरणही गेले तर?" त्यांनी न बोलता दुसरा रकाना दाखवला. बाजूला किती काढल्या, तेही डबी सांगते.

यंदा पुन्हा एका उपग्रहावर जागा आहे. ही नवी डबी गेले काही दिवस माझ्याकडे तपासणीला आहे. हडपसरच्या मैदानावर सराव सुरू झालाय, आणि आता तो मला पहिल्या ठोक्यापासून ऐकू येतो. आकडा मात्र जागचा हलत नाही. मिनिटाला चार-पाच, सकाळी तेच, संध्याकाळी तेच. पंख्यावर ठेवली, तेच. इतकं सरळ वागणारं यंत्र बघून मला झोप लागेना. मी आणखी तपासण्या काढल्या. ओव्हनमध्ये तापवली, फ्रीजरमध्ये गारठवली, गायकवाडांच्या खुर्चीखालीसुद्धा ठेवली. ते म्हणाले, "परत मीच का?"

अखेर काल अहवाल लिहून सही करायला बसलो. शेख मॅडम समोरच्या खुर्चीत. पानसे दारात उभे, हातात पाठवायचं पाकीट. मी पेनाचं टोपण काढलं, तेव्हा शेख मॅडमनी विचारलं, "थंडीत किती खाली नेलीत?"

"उणे अठरापर्यंत. आपला फ्रीजर त्याच्या खाली जात नाही."

"वर उणे तीस होईल कधीकधी."

"होईल."

"मग तिथे ही काय बोलते, ते आपल्याला माहीत नाही."

"नाही."

पानशांनी दारातूनच एक सुस्कारा सोडला. ही गोष्ट मला सुचली नव्हती असं नाही. पण मॅडमसमोर ती काढायला या वेळी माझी जीभ रेटत नव्हती. शेख मॅडमनी अहवाल माझ्याकडे सरकवला.

"तसं लिहा की मग," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या नावाच्या वर लिहा. खाली लिहिलेलं कुणी वाचत नाही."